माडावरचा वैद्य

नारळाच्या झाडाला आपण कल्पवृक्ष म्हणतो. 'नारळ' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, की मुळापासून शेंड्यापर्यंत माडाचा प्रत्येक भाग मनुष्याच्या कसा उपयोगी पडतो याची यादी आपण भराभर लिहून काढतो. खोबरे, तेल, काथ्या, करवंटी, झावळ्या, खराटा, वासे. काही म्हणता काही सुटत नाही. सुटतो तो एक मनुष्य. पुराणातील कल्पवृक्षाखाली बसून इच्छा केली की फळ हाती येत असे. आमच्या माडाखाली बसून नुसती इच्छा करणाऱ्याच्या अंगावर फार तर एखादी वाळलेली झावळी येऊन पडेल! फळ हवे असेल तर कोणीतरी वर चढलेच पाहिजे. जो चढतो त्याच्या दिनक्रमाचा, कौशल्याचा आणि संकटांचा परिचय करून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गोव्यात माडावर चढण्याचा व्यवसाय करणारे दोन वर्ग आहेत. नारळ पाडणारा तो पाडेली. हे नाव 'पाडणे' या क्रियेवरूनच आले आहे. माडाची सूर काढणारा तो रेंदेर. या शब्दाचा संबंध खंडाने उत्पन्न घेणारा या अर्थाच्या एका पोर्तुगीज शब्दाशी जोडण्यात येतो. दोघेही माडावर चढतात. परंतु एकाचे काम दुसऱ्याला सहसा येत नाही, आणि दोघांच्या दिवसाची घडीही अगदी वेगळी असते.

खोडाची रचना आणि चढण्याची कला

चढणाऱ्याची अडचण समजण्यासाठी आधी माडाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. आंबा, फणस किंवा वड यांना फांद्या असतात. चढणाऱ्याला त्या पायऱ्यांप्रमाणे उपयोगी पडतात आणि तोल गेलाच तर एखादी फांदी हाताशी येते. माडाला फांदी नाही. तो गवत, बांबू व केळ यांच्याप्रमाणे एकदल वनस्पतींच्या वर्गातील आहे. आंब्याच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक थर असतो. त्याला ऊतककर म्हणतात. या थरामुळे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते आणि सालीला झालेली जखम हळूहळू भरून येते. माडाच्या खोडात असा थर नाही. म्हणून त्याच्या खोडावर एकदा घातलेला घाव जन्मभर तसाच राहतो. तसेच माडाची सारी वाढ शेंड्यातील एकाच कोंबातून होते. तो कोंब मेला की माड मेला. दुसरीकडून त्याला फुटवा येत नाही.

हा वनस्पतिशास्त्राचा मुद्दा केवळ परीक्षेपुरता नाही. गोव्यात २०१६ साली वृक्षसंरक्षणाच्या १९८४ च्या कायद्यात दुरुस्ती करून माडाला 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आले. माडाला फांद्या नाहीत, तेव्हा तो वृक्ष कसा, असा युक्तिवाद त्या वेळी पुढे आला होता. त्यावर लोकांत बराच क्षोभ झाला आणि २०१७ साली माडाला कायद्याचे संरक्षण पुन्हा देण्यात आले. शास्त्राच्या काटेकोर परिभाषेत माड कोठेही बसो, त्याच्या सावलीत राहणाऱ्यांच्या दृष्टीने तो वृक्षच आहे, हा त्या वादाचा निष्कर्ष म्हणता येईल.

अशा सरळ, गोल आणि फांदीहीन खोडावर मनुष्य चढतो तरी कसा? पाडेली काथ्याच्या दोरीचे एक वळे करून ते दोन्ही पायांच्या घोट्यांशी अडकवितो. दोन्ही तळवे खोडाच्या दोन बाजूंना टेकवून तो पाय बाहेरच्या दिशेने ताणतो. दोरी पायांना फाकू देत नाही. त्यामुळे तळवे खोडावर घट्ट दाबले जातात. आपण भौतिकशास्त्रात शिकतो की, दाब जितका अधिक तितके घर्षण अधिक. याच घर्षणाच्या बळावर पाडेलीचे सारे शरीर तोलले जाते. हातांनी खोडाला मिठी मारून तो धड वर घेतो, मग पाय वर ओढून पुन्हा तळवे दाबतो. हात, पाय, हात, पाय या लयीत बेडकाच्या उडीसारखी पाऊण हाताची एकेक मजल मारीत तो वर जातो. उंच जातीचा माड वीस मीटरांहूनही उंच वाढतो. पाठ्यपुस्तकातील घर्षणाचा नियम पाडेलीने कदाचित वाचलेला नसेल. पण त्याच्या तळव्यांना तो पाठ असतो.

रेंदेराची रीत थोडी निराळी. त्याला एकाच माडावर रोज चढावयाचे असल्यामुळे तो खोडात ठराविक अंतरावर पाय ठेवण्यापुरत्या खाचा पाडून घेतो. या दोन्ही पद्धती फार जुन्या आहेत. १५३४ साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने भारतीय औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात माडाची व सुरेची माहिती आहे. सूर काढणारे लोक पाय बांधून किंवा झाडावर पायऱ्या करून वर चढतात, असेही तो सांगतो. म्हणजे साडेचारशे वर्षांत राज्ये बदलली, नाणी बदलली. माडावर चढण्याची रीत मात्र तीच राहिली.

पाडेलीचा दिवस

पाडेली सकाळी लवकर कामाला लागतो. ऊन चढले की खोड तापते, घामाने हात निसटू लागतात आणि वर पाहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून दिवसाचे कठीण काम दुपारपूर्वी उरकण्याचा त्याचा प्रयत्न असतो. कमरेला मागच्या बाजूस कोयता अडकवून तो बागेत शिरतो; पण लगेच चढत नाही. प्रथम खाली उभा राहून माड नीट न्याहाळतो. खोड कोठे वाकले आहे, कोठे ओल धरून शेवाळ आले आहे, कोठे भोक किंवा तडा दिसतो, शेंड्यात गांधीलमाशांचे पोळे आहे काय, हे सारे तो जमिनीवरूनच पाहून घेतो. माडाखाली कोणी माणूस किंवा गुरू नाही याचीही खात्री करून घेतो.

शेंड्याशी पोहोचल्यावर खरी कसोटी सुरू होते. झावळीच्या देठाला हात घालण्यापूर्वी तो ते हलवून पाहतो. हिरवी झावळी मनुष्याचा भार सहन करते. वाळत आलेली झावळी दगा देते. दोन देठांच्या बेचक्यात बूड टेकवून तो स्थिर झाला, की मग कोयता हातात घेतो. कोणती पेंड उतरवावयाची आणि कोणती ठेवावयाची हे ठरविणे अनुभवाचे काम आहे. माडाला साधारणतः दर महिन्याला एक नवी झावळी येते आणि तिच्या बगलेत एक पोय निघते. पोय उमलल्यापासून नारळ पूर्ण पक्व होण्यास सुमारे बारा महिने लागतात. त्यामुळे एकाच शेंड्यात कळीपासून पक्व नारळापर्यंत सर्व वयांची बाळे एकत्र नांदत असतात. पाडेली कोयत्याच्या पाठीने नारळावर टकटक करतो आणि आवाजावरून आतील पाणी व खोबरे यांचा अंदाज बांधतो. पक्व नारळ तो तसेच खाली सोडतो. शहाळी मात्र फुटतील म्हणून दोरीने उतरवावी लागतात.

नारळ पाडून झाले तरी काम संपत नाही. वाळलेल्या झावळ्या, सुकलेल्या पोयी, देठांभोवतीची जाळी आणि साचलेला कचरा काढून तो शेंडा स्वच्छ करतो. हे करताना तांबड्या मुंग्या अंगभर चढतात. उंदीर, विंचू, क्वचित साप यांचीही तेथे गाठ पडते. दोन्ही हात गुंतलेले असताना पंधरा मीटर उंचीवर मुंगी डोळ्याच्या पापणीला चावली, तर मनुष्याने काय करावे? सवय झालेला पाडेली काहीच करीत नाही. तो आधी पकड सांभाळतो आणि मग मुंगी झाडतो. अशा रीतीने एक माड झाला की खाली, आणि मग दुसऱ्याच्या बुंध्याशी. मजुरी माडामागे ठरलेली असते. तिच्याबरोबर काही नारळ देण्याचीही जुनी रीत आहे.

रेंदेराचा दिवस

पाडेली एका माडाकडे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत येतो. रेंदेर तोच माड दिवसातून तीनदा चढतो. सकाळी आणि संध्याकाळी तो मडक्यात साचलेली सूर उतरवितो व दुपारी पोयीची निगा करतो. त्यासाठी न उमललेली पोय निवडून ती झावळीच्या पात्यांनी घट्ट बांधावी लागते, म्हणजे ती फुटत नाही. मग काही दिवस ती हलक्या हाताने ठोकतात. ठोका जोराचा बसला तर पोय फुकट जाते. फारच हलका पडला तर रस उतरत नाही. त्यानंतर काती नावाच्या अतिशय तीक्ष्ण हत्याराने टोक छाटतात व त्याखाली मातीचे मडके बांधतात. छेद सुकू नये म्हणून तेथील पातळ चकती रोज नव्याने काढावी लागते. एक दिवस खाडा झाला तरी रसाची धार मंदावते. म्हणून रेंदेराला रविवार नाही, सण नाही, की अंगात कणकण आहे म्हणून घरी निजण्याची सोय नाही. रात्री उदमांजर येऊन मडके चाटून जाते ते वेगळेच!

रेंदेराचे श्रम मोजावयाचे असतील तर एक साधे गणित करून पाहू. समजा, त्याच्याकडे तीस माड आहेत आणि प्रत्येकावर सरासरी तेरा मीटर चढावे लागते. तीन वेळांचे मिळून हे अंतर एका दिवसात १,१७० मीटर झाले. गोव्यातील सर्वांत उंच डोंगर सोसोगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,१६६ मीटर उंच आहे. म्हणजे हा मनुष्य रोज समुद्रकिनाऱ्यापासून सोसोगडाच्या माथ्याइतका चढ चढतो आणि तितकाच उतरतो. तोही पायवाटेने नव्हे, तर सरळ उभ्या खांबावरून, आणि येताना सुरेने भरलेले पात्र कमरेला बांधून.

या श्रमातून काय निर्माण होते? ताजी सूर गोड असते. हवेतील व पोयीवरील सूक्ष्म जीवांमुळे ती थोड्याच तासांत आंबू लागते. प्रथम साखरेचे मद्यार्क होते आणि पुढे मद्यार्काचे आम्ल, म्हणजे शिरका होतो. मडक्याला आतून चुना लावला तर आंबण्याची क्रिया रोखली जाते आणि त्या रसापासून माडाचा गूळ करता येतो. गोव्यातील सान्नां आणि जुन्या भट्ट्यांतील पाव सुरेनेच फुगत असत. फेणी म्हटली की आज काजू आठवतो. परंतु माडाच्या सुरेचीही फेणी होते. रसायनशास्त्राच्या पुस्तकातील किण्वनाचा धडा रेंदेराच्या अंगणात रोज असा प्रत्यक्ष घडत असतो.

शेंड्याची नाडीपरीक्षा

येथवर पाडेलीला आपण मजूर म्हणून पाहिले. परंतु त्याचे सर्वांत मोलाचे काम मजुरीच्या हिशेबात कोठेच धरले जात नाही. वर सांगितल्याप्रमाणे माडाचा जीव एका कोंबात असतो आणि तो कोंब जमिनीवरून दिसत नाही. बागेचा मालक कितीही जाणता असला तरी त्याला माडाचे पाय दिसतात, तोंड दिसत नाही. तोंड पाहणारा मनुष्य एकच.

माडाचे मोठे शत्रू शेंड्यातच वस्ती करतात. गेंडा भुंगा कोवळ्या, न उमललेल्या झावळीला भोक पाडून आत शिरतो. पुढे ती झावळी उमलली की कात्रीने नक्षी कापल्यासारखी दिसते. जाणता पाडेली हे पाहताच लोखंडी आकडीने भुंगा ओढून काढतो आणि देठांच्या बगलांत वाळू व निंबाची पेंड भरतो. दुसरा शत्रू तांबडा सोंड्या भुंगा. तो जखमेत अंडी घालतो व त्याच्या अळ्या आतून खोड पोखरतात. बाहेर झावळ्या पिवळ्या पडून लोकांच्या लक्षात येईपर्यंत बहुधा वेळ निघून गेलेली असते. खोडावरील खाचा व कोयत्याचे निष्काळजी घाव अशा किडीला दार उघडून देतात. म्हणून खाचा पाडण्याच्या जुन्या रीतीत सोयीबरोबर धोकाही आहे, हे मान्य केले पाहिजे. तिसरा शत्रू कोंबकूज. पावसाळ्यात बुरशीमुळे मधली सुरळी कुजू लागते. ती वेळीच दिसली तर कुजका भाग कापून बोर्डो मलम लावता येते आणि माड वाचतो. दोन महिने कोणी वर गेलेच नाही, तर नुसता खांब उरतो.

पाश्चात्य देशांत झाडांवर चढून त्यांची छाटणी व शुश्रूषा करणाऱ्या प्रशिक्षित मनुष्याला आर्बोरिस्ट म्हणतात. तो शिरस्त्राण घालतो, कमरेला पट्टा बांधतो आणि करवत चालविताना दोन स्वतंत्र ठिकाणी स्वतःला झाडाशी जखडून घेतो, असा त्या व्यवसायाचा दंडक आहे. त्याच्याकडे परीक्षेचे प्रमाणपत्र असते आणि लोक त्याचा सल्ला पैसे देऊन घेतात. आमचा पाडेली हेच काम करतो. त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही, शिरस्त्राण नाही, आणि जखडून घेण्याचा दोरही नाही. आहे ते पायांतील काथ्याचे वळे.

संकट आणि उपाय

या दोराच्या अभावाचा अर्थ गणितानेच समजावून घेऊ. पंधरा मीटर उंचीवरून हात सुटला तर मनुष्य सुमारे पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर असतो. एवढ्या वेळात ओरडणेही पुरते होत नाही. जो वाचतो, त्याच्या पाठीचा कणा मोडल्यास तो आयुष्यभर अंथरुणाला खिळतो आणि घरातील चूल त्याच दिवशी विझते. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरते, तेव्हा ही भीती दुप्पट होते. जो पडत नाही, त्याचेही गुडघे, कंबर आणि खांदे म्हातारपणाची वाट न पाहता थकतात.

अशा स्थितीत पाडेलीचा मुलगा माडावर चढू इच्छीत नाही, याचे नवल ते काय? गावोगावी तक्रार ऐकू येते की पाडेली मिळत नाही, नारळ वरच वाळून खाली पडतात, कौलांवर व रस्त्यावर माणसांच्या डोक्याशी येऊन आदळतात. तक्रार खरी आहे. परंतु तिच्यात दोष बहुधा त्या मुलाला दिला जातो. ज्या धंद्यात जीव धोक्यात, म्हातारपणाची तरतूद नाही, आणि चार लोकांत मान नाही, तो धंदा केवळ बापाने केला म्हणून मुलाने करावा, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो शिकून कचेरीत गेला किंवा आखातात गेला तर त्याचे अभिनंदनच केले पाहिजे. प्रश्न वेगळा आहे. हा धंदा कोणालाही आपखुशीने स्वीकारावासा वाटेल, असा कसा होईल?

या दिशेने काही पावले पडलेली आहेत. केरळातील कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने माडावर चढण्याचे एक साधे यंत्र तयार केले. त्यात दोन पायांसाठी दोन स्वतंत्र चौकटी असून त्यांच्या तारेच्या दोरांचे वेढे खोडाभोवती बसतात. एका चौकटीवर भार दिला की तिचा वेढा आवळतो आणि दुसरी सैल होऊन वर सरकविता येते. खोडाला खाच लागत नाही आणि नवशिक्यालाही थोड्या सरावाने चढता येते. नारळ विकास मंडळ ही केंद्र सरकारची संस्था १९८१ साली स्थापन झाली. या मंडळाने २०११ साली माडावर चढण्याचे व शेंड्याची निगा राखण्याचे प्रशिक्षण देण्याचा मोठा कार्यक्रम सुरू केला. त्यात केरळातील अनेक स्त्रियांनीही हे कौशल्य मिळविले. गोव्यात जुने गोवे येथील कृषि विज्ञान केंद्रानेही यंत्राने चढण्याची शिबिरे घेतली आहेत. माडावर चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' नावाची अपघात विमा योजनाही मंडळाने चालविली आहे.

यंत्राने सारे साधते असे मात्र नाही. प्रत्येक माडाला ते बसवावे व सोडवावे लागते, वाकड्या खोडावर ते अडखळते, आणि चढणारा बहुधा शेंड्याच्या खालीच उभा राहतो. यंत्र मनुष्याला वर नेईल. वर गेल्यावर काय पाहावे, हे यंत्र सांगत नाही. नारळाचा आवाज ओळखणारा कान, दगा देणारे देठ ओळखणारा हात आणि कोंबाचा रोग पहिल्या दिवशी हेरणारा डोळा जुन्या पाडेलींजवळ आहे. ते चढावयाचे थांबले, म्हणजे त्यांच्याबरोबर ही विद्याही खाली उतरते आणि पुन्हा वर जात नाही. ती कोठल्याही ग्रंथात पूर्ण लिहिलेली नाही. म्हणून नव्या दोराची आणि जुन्या डोळ्याची गाठ घालणे हेच आजचे खरे काम आहे.

यात विद्यार्थ्यांनाही वाटा उचलता येईल. आपल्या वाड्यावर जो वृद्ध पाडेली किंवा रेंदेर असेल, त्याच्यापाशी बसून त्याचे शब्द, त्याची हत्यारे आणि रोग ओळखण्याच्या त्याच्या खुणा वहीत उतरवून घ्याव्यात. घरच्या माडावर कोणी चढणार असेल तर मजुरी ठरविताना वडीलधाऱ्यांना विम्याची आणि सुरक्षा-दोराची आठवण करून द्यावी. आणि नारळ उतरवून तो मनुष्य घामाघूम होऊन खाली आला की, 'किती नारळ निघाले?' या प्रश्नाआधी 'माड वरून कसा दिसतो?' असे त्याला विचारावे. वैद्याला रोग्याविषयी विचारतात तसे. उत्तर ऐकण्यासारखे असेल.